मावळातल्या बातम्यांसाठी स्वतःची सीएमएस : कशी बांधायची, कुठं थांबायचं

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यात आपल्या समाजाच्या बातम्या आज बहुतेक व्हॉट्सॲपवरूनच फिरतात. इंतिकालची खबर, जनाज्याची वेळ, ईदच्या नमाजची वेळ, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख, सगळं एकाच ग्रुपवर. चार दिवसांनी तीच माहिती शोधायला गेलं की ती दीडशे 'जुम्मा मुबारक'च्या खाली गाडलेली असते. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहूची जिओसिटीज त्याआधी २००९ मध्ये. त्यांच्यावर लिहिलेलं मराठीही त्यांच्याबरोबरच गेलं. दुसऱ्याच्या जागेत संसार मांडला की असं होतं.

म्हणून गावोगावची तरुण मंडळी विचारतात, की आपली वेबसाइट आपणच बनवावी का? आयटी शिकलेली मुलं आता घरोघरी आहेत, कोणी हिंजवडीला जातं, कोणी घरूनच काम करतं. वेबसाइट बनवणं अवघड नाही. अवघड आहे ते त्यामागचं यंत्र, ज्याला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, थोडक्यात सीएमएस म्हणतात. त्याबद्दल ही माहिती.

सीएमएस म्हणजे काय

वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमी येते, उपसंपादक ती तपासतो, मथळा देतो, पानावर जागा ठरते, मग छपाई. हेच काम वेबसाइटसाठी जे सॉफ्टवेअर करतं ती सीएमएस. लिहिणाऱ्याला एक साधा फॉर्म दिसतो. मजकूर डेटाबेसमध्ये जातो. वाचकाला मात्र तो ठरलेल्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये घालून दाखवला जातो. लिहिणाऱ्याला एचटीएमएल यायची गरज नाही आणि डेव्हलपरला रोज बातम्या टाकत बसायची गरज नाही. दोघांची कामं वेगळी करणं, एवढाच या सगळ्याचा गाभा.

तयार घ्यावी की बांधावी

वर्डप्रेस २००३ साली आलं, फुकट आहे, आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्याच्यावर चालतात. ड्रुपल त्याच्याही आधीचं, २००१ चं. मराठीत १९९६ पासून चालू असलेली मायबोली, नंतरची मनोगत आणि मिसळपाव ही संकेतस्थळं ड्रुपलवर उभी राहिली. त्या मंडळींनी सगळं शून्यापासून केलं नाही. तयार पाया घेतला आणि मराठीला जे हवं होतं, म्हणजे साध्या इंग्रजी कीबोर्डवरून थेट देवनागरी टाइप करायची सोय, ती त्यात बसवली. आपल्यासाठी यापेक्षा चांगला धडा दुसरा नाही.

स्वतःची यंत्रणा बांधण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मात्र एका छोट्या गावच्या वर्तमानपत्राचं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'. तिथं २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन हे दोन प्रोग्रामर काम करत होते. बातमीदारांच्या डेडलाइन असायच्या. सकाळी मागणी आली की दिवसभरात नवं पान उभं करून हवं. रोज तेच ते कोड लिहून कंटाळलेल्या या दोघांनी सामाईक भाग वेगळा काढला. तोच २००५ च्या जुलैमध्ये 'जँगो' या नावानं सगळ्यांसाठी खुला झाला. आज जगभर वापरला जाणारा हा फ्रेमवर्क मुळात गावच्या बातम्या वेळेत छापाव्यात म्हणून जन्मला, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखं आहे.

दुसरी बाजूही पाहा. 'व्हॉक्स मीडिया' या मोठ्या अमेरिकी कंपनीनं 'कोरस' नावाची स्वतःची सीएमएस बांधली, दुसऱ्यांना भाड्यानंही दिली, आणि पुढे ती सोडून वर्डप्रेसची वाट धरली. पैसेवाल्यांनाही ती सांभाळणं परवडलं नाही.

तेव्हा आमचं मत असं. आठवड्याला दोन-तीन बातम्या आणि काही फोटो एवढंच असेल तर वर्डप्रेस घ्या, वेळ वाया घालवू नका. पण नमाजच्या वेळा, जनाज्याच्या सूचना, योजनांच्या मुदती, गाववार माहिती असं ठरावीक आकाराचं साहित्य असेल आणि निदान दोन जण दोन-तीन वर्षं हात लावायला तयार असतील, तर स्वतःची बांधण्यात अर्थ आहे. तीही शून्यापासून नव्हे. लॉगिन, पासवर्ड, परवानग्या हे भाग कधीही स्वतः लिहू नयेत. त्यासाठी पायथॉनमध्ये जँगो आहे, पीएचपी येत असेल तर लाराव्हेल आहे. जँगोमध्ये तर डेटाचा साचा लिहिला की संपादकासाठी ॲडमिनचं पान जवळपास आपोआप तयार मिळतं. छोट्या टोळीसाठी आम्ही तेच सुचवू.

'डेव्हलपर-फ्रेंडली' कशाला म्हणायचं

हा शब्द जाहिरातीत फार वापरतात. खरी कसोटी एकच. आज ज्या पोरानं कोड लिहिलं तो उद्या नोकरीला दुबईला गेला, तर दुसऱ्या पोराला एका संध्याकाळी ते आपल्या लॅपटॉपवर चालू करता यायला हवं. त्यासाठी कोड गिटमध्ये ठेवायचं. काय कुठं आहे ते एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवायचं, आणि ते मराठीत लिहिलं तरी चालतं. डेटाबेसमधले बदल हातानं न करता मायग्रेशनच्या फाइलमधून करायचे. पासवर्ड आणि चाव्या कोडमध्ये लिहायच्या नाहीत. आणि सगळा मजकूर एका आज्ञेत साध्या टेक्स्ट किंवा जेसन फाइलमध्ये बाहेर काढता आला पाहिजे. ज्या सीएमएसमधून बाहेर पडता येत नाही ती कितीही चकचकीत असो, ती पिंजराच.

मजकूर साठवताना रंग, फाँट, रुंदी हे त्यात मिसळू नका. बातमीचा मजकूर फक्त मजकूर म्हणून राहिला तर उद्या तोच मोबाइल ॲपला देता येतो, मस्जिदीच्या स्क्रीनवर दाखवता येतो, वार्षिक अहवालात छापता येतो.

साचे ठरवणं : खरं काम इथं आहे

बहुतेक मंडळी डिझाइनपासून सुरुवात करतात. सुरुवात वहीवर करावी. आपल्याकडे कोणकोणत्या प्रकारचं साहित्य येतं आणि प्रत्येकात कोणती माहिती असते, हे आधी लिहून काढा.

नमाजच्या वेळा घ्या. लोक मुंबईचा किंवा पुण्याचा तक्ता उचलून लावतात. सूर्य एका रेखांशाला चार मिनिटं घेतो. पुणे साधारण ७३.८५ अंशांवर, लोणावळा ७३.४१ वर आणि मुंबई ७२.८५ च्या आसपास. म्हणजे लोणावळ्यात सूर्य पुण्यानंतर जवळपास दोन मिनिटांनी मावळतो आणि मुंबईच्या दोन मिनिटं आधी. पुण्याच्या तक्त्यावर लोणावळ्यात इफ्तार केली तर ती दोन मिनिटं आधी होते. वडगाव आणि तळेगाव मध्ये पडतात. म्हणून डेटाबेसमध्ये 'शहर' असा एकच रकाना ठेवून भागत नाही. प्रत्येक मस्जिदीचे अक्षांश-रेखांश ठेवावेत आणि वेळा त्यावरून काढाव्यात. फजर आणि इशासाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर धरायचा हेही बदलता आलं पाहिजे. कराचीच्या पद्धतीत दोन्हींसाठी १८ अंश धरतात, दुसऱ्या पद्धतींत वेगळे. हा आकडा कोडमध्ये गाडून ठेवू नका, सेटिंगमध्ये ठेवा, आणि कोणता घ्यायचा ते आपल्या उलमांना विचारा. प्रोग्रामरनं ठरवायची ती गोष्ट नाही.

असरचं तसंच. हनफी पद्धतीत सावली वस्तूच्या दुप्पट झाल्यावर, शाफईत एकपट झाल्यावर, दुपारची मूळ सावली सोडून. दोन्हींत ऋतूनुसार पाऊण ते सव्वा तासाचा फरक पडतो. लोणावळा घाटमाथ्यावर आहे. खाली उतरलं की खोपोली-कर्जत, म्हणजे शाफई मानणाऱ्या कोकणी कुटुंबांचा मुलूख, आणि वर देशावर बहुतेक हनफी. दोन्हीकडचे वाचक एकाच पानावर येणार. तेव्हा असरसाठी रकाने दोन. शिवाय जमातची वेळ ही सूर्यावरून निघत नाही, ती मस्जिदीची कमिटी ठरवते आणि ऋतूनुसार बदलते. ती वेगळ्या तक्त्यात, 'अमुक तारखेपासून' या रकान्यासह ठेवायची, म्हणजे पुढच्या जुम्म्यापासूनची वेळ आधीच भरून ठेवता येते.

हिजरी तारखेत सगळ्यात जास्त फजिती होते. तयार लायब्ररी गणितानं तारीख देतात, आपल्याकडे महिना चांद दिसल्यावर सुरू होतो. महिना २९ चा की ३० चा हे आदल्या संध्याकाळी कळतं. त्यामुळं तारीख मोजून छापण्याऐवजी एक छोटा तक्ता ठेवा, अमुक हिजरी महिना अमुक इंग्रजी तारखेला सुरू झाला, एवढाच. स्थानिक हिलाल कमिटीची घोषणा झाली की संपादक एक ओळ भरेल, बाकी सगळीकडे तारीख आपोआप बरोबर होईल. घोषणा होईपर्यंत पुढच्या महिन्याची तारीख 'अपेक्षित' अशीच दिसली पाहिजे. ईदच्या आदल्या रात्री वेबसाइटनं परस्पर ईद जाहीर केली तर काय गोंधळ उडेल याची कल्पना करा.

इंतिकालच्या सूचनेत नाव, राहण्याचं ठिकाण, नमाज-ए-जनाजाची वेळ आणि जागा, कब्रस्तान. ही सूचना फोनवरून एका मिनिटात टाकता आली पाहिजे, कारण वेळ नसतो. संपर्कासाठी दिलेला नंबर दफननंतर पानावरून आपोआप निघून जावा. सूचना मात्र राहावी. वीस वर्षांनी कोणाला आजोबांची तारीख शोधायची असेल तेव्हा ती तिथं सापडेल.

योजना आणि शिष्यवृत्तीच्या बातम्यांना 'शेवटची तारीख' हा स्वतंत्र रकाना द्या. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज असो की महाडीबीटीवरचा अर्ज, मुदत संपल्यावरही ती पोस्ट वर्षानुवर्षं फिरत राहते आणि गरीब घरातला पालक कागद घेऊन चकरा मारतो. तारीख मजकुरात लिहिलेली असेल तर सॉफ्टवेअरला ती कळत नाही. रकान्यात असेल तर 'मुदत संपली' ही पाटी आपोआप लागते.

गावांची यादीही कोडमध्ये टाकू नका. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ अशी लोकांच्या तोंडची विभागणी वेगळी, सरकारी वेगळी. वडगावची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली तशा गोष्टी बदलतात.

देवनागरीच्या खाचाखोचा

परदेशात लिहिलेली सॉफ्टवेअरं आपल्या लिपीशी कशी वागतात हे बांधणाऱ्याला माहीत हवं. जँगोमध्ये मथळ्यावरून पानाचा पत्ता बनवायची सोय आहे. साध्या स्थितीत ती देवनागरी सगळीच गाळून टाकते. युनिकोड चालू केलं तर मूळ अक्षरं ठेवते पण काना-मात्रा-वेलांट्या काढून टाकते, कारण पायथॉनच्या हिशेबात मात्रा हे अक्षर नव्हे. 'लोणावळा'चं 'लणवळ' होतं आणि 'कामशेत'चं 'कमशत'. वर्डप्रेसमध्ये दुसरीच गंमत. तिथं पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, सांकेतिक रूपात नऊ चिन्हं खातं. 'वडगाव मावळ येथे मोफत आरोग्य तपासणी शिबिर' हा मथळा दिला तर पत्ता 'आरोग'वरच तुटतो. पत्त्यात वर्ष आणि बातमीचा क्रमांक वापरा, हा सरळ उपाय. मथळा नंतर दुरुस्त झाला तरी जुनी लिंक चालू राहते.

शोध हा दुसरा दुखरा भाग. 'ज़'सारखं नुक्त्याचं अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं, एका चिन्हात किंवा अक्षर आणि नुक्ता असं वेगवेगळं. डोळ्यांना सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. साठवण्यापूर्वी सगळा मजकूर एनएफसी या प्रमाण रूपात आणला की हा प्रश्न मिटतो. 'ॲ'चा मात्र त्यानंही मिटत नाही. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र देऊन काम भागवत, काही कीबोर्ड अजून तसंच करतात, आणि प्रमाणीकरण या दोघांना एक मानत नाही. 'दुसऱ्या'मधला अर्धा र काहींच्या टायपिंगमध्ये मध्ये एक न दिसणारं चिन्ह घालून बनतो. या सगळ्यासाठी शोधाचा एक वेगळा रकाना ठेवून त्यात मजकुराची साफ केलेली प्रत भरावी.

नावांचं काय? मोहम्मद, मोहंमद, महंमद, मुहम्मद. मुलाणी आणि मुलानी. शेख नुक्त्यासह आणि नुक्त्याविना. लोणावळा, लोणावळे. अशा पर्यायांचा एक तक्ता करून शोधताना तो वापरा. कोणाचंही नाव 'दुरुस्त' करू नका, माणूस आपलं नाव जसं लिहितो तसंच छापायचं.

पत्रकं आणि निमंत्रणं आपल्याकडे डीटीपीवाल्याकडून येतात. तिथं अजून श्री-लिपीसारखे जुने फाँट चालतात. श्री-लिपी पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची, आणि भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणण्याचं मोठं काम पुण्याच्याच सी-डॅकनं केलं. पण त्या काळच्या फाँटमधला मजकूर कॉपी करून चिकटवला की भलतीच अक्षरं दिसतात, कारण तो युनिकोड नसतो. फॉर्ममध्येच कन्व्हर्टरचं बटण द्या. नाहीतर बातमीदार फोटो टाकून मोकळा होतो, आणि फोटोतला मजकूर ना शोधता येतो ना अंध वाचकाला ऐकता येतो.

मायएसक्यूएल वापरणार असाल तर डेटाबेस 'यूटीएफ८एमबी४' प्रकारचा घ्या. जुन्या 'यूटीएफ८' प्रकारात मराठी आणि उर्दू बसतं पण इमोजी बसत नाही. ईदच्या शुभेच्छांत चंद्राचा इमोजी आला की एकतर एरर येते किंवा तिथून पुढचा मजकूर कापला जातो. पानाची भाषा मराठी आहे हेही एचटीएमएलमध्ये जाहीर करा. त्यामुळं ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात तिथं ते दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

उर्दू मजकूर असेल तर त्या परिच्छेदाला उजवीकडून डावीकडे ही दिशा आणि उर्दू भाषा अशी स्वतंत्र खूण द्या, आणि नस्तालिक फाँटला ओळींमध्ये जास्त जागा ठेवा. संपूर्ण पान उलटं करायची गरज नाही.

कोण लिहितो, कोण छापतो

परवानग्या तीनच ठेवा, लिहिणारा, संपादक आणि यंत्रणा सांभाळणारा. लिहिणाऱ्यानं टाकलेलं संपादकानं पाहिल्याशिवाय बाहेर जाऊ नये. जनाज्याच्या सूचनेला यातून सूट द्या, पण तिथंही टाकणारा ओळखीचा हवा.

प्रत्येक बदलाची नोंद राहणं ही आमच्या मते सीएमएसमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तणावाच्या दिवसांत एखाद्या दर्ग्याबद्दल, मिरवणुकीबद्दल किंवा भांडणाबद्दल अफवा उठते, आणि आपल्या वेबसाइटचा बनावट स्क्रीनशॉट फिरायला लागतो. तेव्हा कोणती बातमी किती वाजता कोणत्या शब्दांत गेली, नंतर काय बदललं आणि कोणी, हे दाखवता आलं तर पोलीस ठाण्यात आणि मोहल्ल्यात दोन्हीकडे आपली बाजू उभी राहते. जुनी आवृत्ती कधीच पुसू नका, दुरुस्ती केली तर बातमीखाली तशी ओळ दिसू द्या. २०२१ च्या आयटी नियमांत डिजिटल बातम्या देणाऱ्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमून १५ दिवसांत निर्णय द्यावा असं आहे. त्या नियमांच्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती. तो कायद्याचा वाद बाजूला ठेवला तरी तक्रारीचा फॉर्म आणि त्याची तारीखवार नोंद सीएमएसमध्ये असावीच.

लोकांची माहिती जपून ठेवा. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या बातमीत मुलींचे फोटो, शाळा, पत्ता असं सगळं छापायची पद्धत पडली आहे, ती बरी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. फोटोच्या फॉर्ममध्ये 'पालकांची संमती घेतली' ही खूण केल्याशिवाय फोटो पुढं जाऊ नये, एवढं कोड लिहायला दहा मिनिटं लागतात. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात, तेही अपलोड होतानाच काढून टाका.

पाऊस, सिग्नल आणि मालकी

जुलैत घाटात पाऊस लागला की वीज जाते आणि पवन मावळातल्या आतल्या गावांत सिग्नल डोंगराआड जातो. वाचकाला हलकं पान हवं. बातमी प्रकाशित होताच तिचं तयार एचटीएमएल बनवून ठेवा, प्रत्येक वाचकासाठी डेटाबेसला त्रास देऊ नका. असं केलं तर रमजानच्या चांदरातीला एकदम गर्दी झाली तरी स्वस्तातला सर्व्हरही टिकतो. फोटो छोटे करूनच पाठवा. लिहिणाऱ्याचा मसुदा फोनमध्येच जतन व्हावा आणि सिग्नल आल्यावर वर जावा.

बॅकअप रोज, आणि एक प्रत सर्व्हरच्या बाहेर. घेतलेला बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्याशिवाय तो बॅकअप धरू नये. महिन्यातून एकदा हे काम कोणाच्या तरी नावावर लावा.

राहिलं डोमेन. ते ज्याच्या ईमेलवर नोंदलेलं असतं तोच कागदोपत्री मालक. बहुतेक ठिकाणी ते उत्साहानं पुढं आलेल्या एखाद्या मुलाच्या खासगी ईमेलवर असतं. त्याचं लग्न होतं, नोकरी बदलते, नूतनीकरणाची आठवण देणारा मेल कोणी वाचत नाही आणि पत्ता दुसराच कोणी विकत घेतो. डोमेन, होस्टिंग आणि गिटचं खातं ट्रस्टच्या किंवा संस्थेच्या ईमेलवर घ्या, दोन विश्वस्तांकडे त्याचा प्रवेश ठेवा, नूतनीकरणाची तारीख मीटिंगच्या वहीत लिहा आणि शक्य असेल तर एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका.